वाचकांचे प्रश्न : पॅकेजच्या पोटातली आयकॉन्व्ह

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच दुखण्याची निघाली. मुक्त सॉफ्टवेअरच्या सोर्समध्ये मूळ लेखकाने एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, बदलणारी (जशी आयकॉन्व्ह) किंवा ओळखणारी लायब्ररी जशीच्या तशी कॉपी करून ठेवलेली असते, आणि पॅकेज सांभाळणाऱ्याला तिचे काय करावे हे सुचत नाही. म्हणून ही चार पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी एका लिनक्स वितरणासाठी जुने ईमेल-संग्रह वाचणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमचे पॅकेज सांभाळतो. त्याच्या सोर्समध्ये ग्नू लिबआयकॉन्व्हची जुनी प्रत एका वेगळ्या फोल्डरात ठेवलेली आहे. सिस्टिममधली आयकॉन्व्ह वापरली जावी म्हणून मी ते फोल्डर पुसले, तर बिल्ड लिंकिंगपाशी, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडण्याच्या टप्प्यावर, 'लिबआयकॉन्व्ह_ओपन सापडत नाही' असे सांगून थांबते. मूळ लेखकाचे म्हणणे असे की आतलीच प्रत वापरा, तीच तपासलेली आहे. मी काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी ती लिंकिंगची चूक पाहू, कारण ती दिसते त्यापेक्षा साधी आहे. लिनक्सवरच्या जीलिबसी या मूळ सी लायब्ररीमध्ये आयकॉन्व्ह मुळातच असते आणि तिच्या फंक्शनचे नाव 'आयकॉन्व्ह_ओपन' असते. ग्नू लिबआयकॉन्व्ह ही वेगळी लायब्ररी. दोन्ही एकाच मशीनवर नांदाव्यात म्हणून तिची हेडर फाइल मॅक्रोच्या साहाय्याने प्रत्येक नावापुढे गुपचूप 'लिब' जोडते. आपल्या कोडमध्ये 'आयकॉन्व्ह_ओपन' लिहिलेले असले तरी कंपायलरपर्यंत 'लिबआयकॉन्व्ह_ओपन' पोहोचते. म्हणजे आपण लायब्ररी पुसली, पण तिची हेडर फाइल अजून कुठून तरी उचलली जात आहे. एक तर ती सोर्समध्ये दुसऱ्या ठिकाणीही कॉपी केलेली असेल, नाही तर आपल्या मशीनवर 'यूएसआर लोकल'खाली पूर्वी कधी तरी बसवलेली असेल. जीसीसी या कंपायलरला 'वजा ई' देऊन ती फाइल फक्त प्रीप्रोसेसरमधून काढा. हेडरचा पूर्ण पत्ता तिथे छापून येतो. या जागी पुष्कळ जण लिंकरला 'वजा एल-आयकॉन्व्ह' देऊन मोकळे होतात. आपल्या मशीनवर बिल्ड पूर्ण होते, आणि वितरणाच्या बिल्ड सर्व्हरवर, जिथे ती लायब्ररी नाही, तिथे ते पुन्हा अडते. तो मार्ग टाळावा.

आता प्रत ठेवावी की काढावी याबद्दल. डेबियनच्या धोरणपुस्तिकेत ४.१३ क्रमांकाचे कलम याच विषयावर आहे, आणि त्याचा आशय असा की सोर्समध्ये सोयीसाठी घातलेली दुसऱ्या सॉफ्टवेअरची प्रत पॅकेजने वापरू नये. मात्र ते सॉफ्टवेअर मुळातच अशा कॉपीसाठी लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी. फेडोराचा नियम एके काळी याहून कडक होता. २०१५मध्ये तो सैल झाला. आता प्रत ठेवायचीच असेल तर पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या स्पेक फाइलीत 'प्रोव्हाइड्स' या ओळीत 'बंडल्ड' म्हणून तिचे नाव आणि शक्यतो आवृत्तीही नोंदवावी लागते. अपवादाचे उदाहरण आपल्याच विषयातले आहे. चालू लोकेलचे एन्कोडिंग कोणते हे सांगणारा 'लोकलचारसेट' हा ग्नूलिबचा तुकडा शेकडो प्रोग्रॅमांच्या सोर्समध्ये सापडतो, आणि ग्नूलिब कॉपी करून घेण्यासाठीच लिहिलेले असल्यामुळे त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. पूर्ण लिबआयकॉन्व्हला ही सवलत लागू होत नाही.

म्हणून माझे उत्तर 'काढा' असेच आहे, पण आज संध्याकाळी नाही. आधी त्या प्रतीत मूळ लेखकाने काय काय बदलले आहे ते पाहा. फोल्डरच्या नावात आवृत्ती नसली तर हेडरमध्ये आवृत्तीचा आकडा हेक्समध्ये लिहिलेला असतो : ०१०९ म्हणजे १.९, ०१११ म्हणजे १.१७. तीच आवृत्ती ग्नूच्या संग्रहातून उतरवून घ्या आणि दोन्ही फोल्डरांचा डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढा. बहुतेक वेळा मेकफाइलीतल्या चार ओळींखेरीज काही निघत नाही. निघते तेव्हा मात्र ते महत्त्वाचे असते.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मजकूर-रूपांतराच्या प्रोग्रॅममधली प्रत मी डिफ न काढता पुसली होती. विंडोज-१२५२ या एन्कोडिंगमध्ये पाच बाइटना अर्थच दिलेला नाही : हेक्स ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. लिबआयकॉन्व्ह आणि जीलिबसी या दोघीही अशी बाइट आली की चूक कळवून थांबतात. वेब ब्राउझरांचा नियम निराळा आहे. ते या बाइट त्याच क्रमांकाच्या नियंत्रण-वर्णांत नेतात आणि पुढे चालू लागतात. त्या प्रोग्रॅमच्या लेखकाने आपल्या प्रतीतल्या कोष्टकात ब्राउझरांप्रमाणे बदल करून ठेवला होता, आणि तो कुठेही लिहून ठेवला नव्हता. आपल्याकडच्या जुन्या फॉन्ट-आधारित देवनागरी फाइलींवर बहुधा विंडोज-१२५२ असाच शिक्का असतो, कारण युनिकोडपूर्व काळात फॉन्ट बनवणाऱ्यांनी लॅटिन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवले होते. अशा फाइलीत त्या पाचपैकी एखादी बाइट आली की माझ्या पॅकेजमधला प्रोग्रॅम वाक्याच्या मध्येच थांबायचा. पहिली तक्रार दोन महिन्यांनी आली, आणि तोवर निम्म्याच वाचल्या गेलेल्या फाइलींवर लोकांनी पुढचे काम करून टाकले होते.

डिफ कोरा निघाला तरी एक गोष्ट उरतेच. आयकॉन्व्ह हे नाव एक असले तरी ती लिहिणारे अनेक आहेत, आणि रूपांतर जमले नाही तर काय करायचे हे पॉझिक्स या मानकाने बऱ्याच अंशी लिहिणाऱ्यावर सोपवले होते. 'पुणे' हा शब्द यूटीएफ-८ मधून आयएसओ-८८५९-१ मध्ये नेण्याचा प्रयत्न करून पाहा. युनिकोडच्या दृष्टीने हा शब्द चार वर्णांचा आहे : प, उकार, ण आणि मात्रा. जीलिबसी आणि लिबआयकॉन्व्ह पहिल्याच वर्णाला नकार देतात. अल्पाइन लिनक्समधली मस्ल ही सी लायब्ररी नकार देत नाही, चार तारका लिहून देते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची आयकॉन्व्ह चार प्रश्नचिन्हे देते. प्रोग्रॅमचा लेखक 'चूक आली की दुसरे एन्कोडिंग वापरून पाहा' असा तर्क लिहून बसला असेल, तर मस्लवर ती चूक कधीच येणार नाही आणि पुण्याच्या जागी तारका छापल्या जातील. फंक्शनने परत दिलेला आकडा शून्य नसून चार असतो, पण तो पाहण्याची तसदी फार थोडे प्रोग्रॅम घेतात.

फ्रीबीएसडीने १०.० या आवृत्तीत, म्हणजे २०१४मध्ये, आयकॉन्व्ह मूळ सिस्टिममध्ये घेतली तेव्हा पोर्ट्स, म्हणजे तिथली पॅकेजे, सांभाळणाऱ्यांपुढे हाच गुंता उभा राहिला. तिथे काढलेला तोडगा मला शहाणपणाचा वाटतो. पोर्टच्या मेकफाइलीत 'यूझेस' या ओळीत आयकॉन्व्ह एवढेच लिहिले तर सिस्टिममधली घेतली जाते. प्रोग्रॅमला 'डब्ल्यूचार_टी' हे एन्कोडिंगचे नाव लागत असेल, किंवा न जमणाऱ्या अक्षरांच्या जागी जवळचे अक्षर घालणारी 'ट्रान्सलिट' ही सोय लागत असेल, तर तसे शब्द त्याच ओळीत जोडायचे, म्हणजे ग्नू लिबआयकॉन्व्ह ओढली जाते. प्रोग्रॅमला नेमके काय लागते हे सांभाळणाऱ्याला एकदा तरी शोधावे लागते, हा त्यातला खरा फायदा. आपणही सोर्समध्ये या दोन शब्दांचा शोध घ्या.

मूळ लेखकाशी भांडू नका. त्याने प्रत ठेवली ती बहुधा विंडोजसाठी, कारण तिथे सी लायब्ररीत आयकॉन्व्ह नसते, आणि त्याच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. सिस्टिममधली वापरायची की आतली, हे कॉन्फिगरच्या वेळी निवडता येईल असा पॅच त्याला पाठवा. प्रत विंडोजसाठी खुशाल राहू द्या. आपल्या पॅकेजमध्ये मात्र बिल्ड सुरू होण्याआधीच ते फोल्डर पुसले गेले पाहिजे, नुसता पर्याय निवडून भागत नाही. पुढच्या आवृत्तीत त्या पर्यायाचे नाव बदलले तर बिल्ड काही न बोलता आतल्या प्रतीकडे वळते. फेडोरात हे स्पेक फाइलीच्या 'प्रेप' विभागात करतात. डेबियनमध्ये कॉपीराइट फाइलीत 'फाइल्स-एक्स्क्लुडेड' लिहून सोर्सच नव्याने बांधता येतो, पण परवान्याची अडचण नसेल तर बिल्डच्या वेळी पुसणेही पुरते. शेवटी तयार बायनरीवर 'एनएम' हे तिच्यातली नावे दाखवणारे साधन चालवा. 'आयकॉन्व्ह_ओपन' पुढे 'यू' दिसला म्हणजे ते बाहेरून येते आहे; 'लिबआयकॉन्व्ह_ओपन' पुढे 'टी' दिसला तर जुनी प्रत अजून पोटातच आहे. बायनरीतली चिन्हे आधीच काढून टाकलेली असतील तर 'एनएम' काही दाखवणार नाही, म्हणून ही तपासणी त्याआधी करावी.

प्रश्न : २०२४मध्ये जीलिबसीच्या आयकॉन्व्हमध्येच सुरक्षेची मोठी त्रुटी निघाली. आमच्या प्रोग्रॅमच्या पोटात लिबआयकॉन्व्ह असल्यामुळे आम्ही सुखरूप राहिलो. मग सोबतची प्रत वाईट असे सरसकट का म्हणायचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. सुरक्षा-त्रुटींच्या सीव्हीई यादीतली सीव्हीई-२०२४-२९६१ ही ती त्रुटी. आयएसओ-२०२२-सीएन-ईएक्सटी या चिनी एन्कोडिंगमध्ये रूपांतर करताना अक्षरसंच बदलण्याच्या खुणा लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिण्याआधी जागा उरली आहे का हे जीलिबसीचा कोड काही वाटांवर तपासत नव्हता. परिणामी दिलेल्या जागेपलीकडे चार बाइटपर्यंत लिहिले जाऊ शकत होते. हा कोड २००० सालापासून तिथे होता, आणि चार बाइट म्हणजे क्षुल्लक वाटले तरी वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेच्या फिल्टरांच्या वाटेने त्याचा उपयोग करून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो हे लवकरच दाखवले गेले. लिबआयकॉन्व्हचा कोड स्वतंत्र असल्याने ती यातून सुटली.

पण त्या आठवड्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना काय करावे लागले ते पाहा. वितरणांनी जीलिबसीचे एक पॅकेज दुरुस्त करून पाठवले आणि त्यावर उभे असलेले सारे प्रोग्रॅम एका दमात दुरुस्त झाले. ज्यांना थांबायचे नव्हते त्यांनी जीलिबसीच्या मॉड्यूल-यादीतून त्या एन्कोडिंगच्या ओळी काढून 'आयकॉन्व्हकॉन्फिग' चालवले, आणि कोणताही प्रोग्रॅम पुन्हा न बांधता ते दार बंद झाले. त्रुटी लिबआयकॉन्व्हमध्ये निघाली असती आणि ती वीस पॅकेजांच्या पोटात असती, तर कोणती वीस हे शोधण्यातच आठवडा गेला असता. या कारणासाठी डेबियनचा सुरक्षा गट कोणत्या पॅकेजमध्ये कोणाची प्रत दडली आहे याची यादी वर्षानुवर्षे ठेवत आला आहे. आपण सुटलात ते नशिबाने.

उलट बाजूचे उदाहरण आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचे. २०२०मध्ये ६६.१ पर्यंतच्या आयसीयूत, मजकुराला मजकूर जोडणाऱ्या फंक्शनात पूर्णांक मावेनासा होऊन हीप या स्मृतिभागातल्या नेमलेल्या जागेपलीकडे लिहिले जाण्याची त्रुटी निघाली, सीव्हीई-२०२०-१०५३१. आयसीयू क्रोमियम ब्राउझरच्याही पोटात आहे आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्याही, त्यामुळे सिस्टिममधले आयसीयू दुरुस्त झाले तरी त्यांच्या आतल्या प्रती तशाच राहिल्या आणि त्या दोघांना आपापली दुरुस्ती स्वतंत्रपणे काढावी लागली.

तरीही आयसीयूच्या बाबतीत मी आयकॉन्व्हइतका हट्ट धरणार नाही. आयसीयूची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीत लायब्ररीचे नाव बदलतेच, शिवाय प्रत्येक फंक्शनच्या शेपटाला आवृत्तीचा आकडा चिकटलेला असतो. ७३ वर बांधलेला प्रोग्रॅम ७४ वर सुरूच होत नाही. म्हणून वितरणात आयसीयू पुढे सरकवायचे म्हणजे लिबरऑफिस, क्यूटी, पीएचपी अशी सगळी वरात पुन्हा बांधायची, आणि ब्राउझरसारखा प्रोग्रॅम आयसीयूच्या एका ठराविक आवृत्तीला घट्ट धरून बसला असेल तर ही वरात त्याच्यापाशी अडते. नोडला 'विथ-इंटल' या पर्यायात सिस्टिममधले आयसीयू देता येते, आणि वितरणाच्या पॅकेजमध्ये ते द्यावे असे माझे मत आहे. ब्राउझरच्या आतली प्रत मात्र राहू द्यावी, तिची आवृत्ती पॅकेजमध्ये नोंदवावी, आणि आयसीयूच्या सुरक्षा सूचनांवर स्वतः लक्ष ठेवावे. ते काम आता सांभाळणाऱ्याच्या अंगावर आले, एवढे समजून घेतले म्हणजे झाले.

प्रश्न : पायथॉनमध्ये एन्कोडिंग ओळखणाऱ्या चारडेटची प्रत अनेक पॅकेजांत दिसते. तिथेही हेच नियम लावावेत काय? (एक वाचक, बंगळुरू)

उत्तर : हो, पण ओळखणे हा अंदाज असतो, त्यामुळे लायब्ररी बदलली की उत्तरही बदलू शकते. वेबपाने आणणाऱ्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीच्या पोटात पूर्वी चारडेट होती, २०१७च्या २.१६.० पासून ती बाहेर काढून साधे अवलंबित्व केले गेले, आणि २०२१च्या २.२६.० पासून चारडेटच्या एलजीपीएल परवान्याची अडचण टाळण्यासाठी पायथॉन ३ वर तिच्या जागी चारसेट-नॉर्मलायझर आली. त्यातली मेख अशी की मशीनवर चारडेट बसवलेली असेल तर रिक्वेस्ट्स तिलाच वापरते. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तेच वेबपान, आणि भलत्याच कोणत्या तरी पॅकेजने चारडेट ओढून आणली म्हणून निष्कर्ष वेगळा. पॅकेजच्या चाचण्या अंदाजावर अवलंबून असतील तर त्या सुधारून घ्या; जिथे एन्कोडिंग माहीत आहे तिथे ते स्पष्ट सांगावे. पिपची गोष्ट निराळी आहे. दुसऱ्या लायब्ररी बसवणाऱ्या प्रोग्रॅमला चालण्यासाठी आधी दुसऱ्या लायब्ररी लागल्या तर गाडी सुरूच होणार नाही, म्हणून त्याच्या पोटातल्या प्रती सकारण आहेत. वितरणांना त्या काढायच्या असतील तर 'डीबंडल्ड' नावाची सोय पिपनेच ठेवलेली आहे, तीच वापरावी.

प्रश्न : आमच्या कार्यालयात, संगणकावर देवनागरी आणणाऱ्या जिस्ट कार्डांच्या काळातल्या, इस्की या जुन्या भारतीय एन्कोडिंगमधल्या फाइली आहेत. त्या वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात आयसीयू आहे. पॅकेज हलके करण्यासाठी आयसीयू काढून जीलिबसीची आयकॉन्व्ह वापरावी असे मनात आहे. काही धोका? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : धोका असा की फाइली उघडणारच नाहीत. इस्की, म्हणजे आयएस १३१९४ : १९९१ हे भारतीय मानक, जीलिबसीला येत नाही, 'आयकॉन्व्ह वजा एल' ची यादी पाहिलीत तर तमिळची टीस्की दिसेल, इस्की दिसणार नाही. ग्नू लिबआयकॉन्व्हलाही ती येत नाही. आयसीयूला येते, आणि देवनागरी इस्कीसाठी तिथे 'एक्स-इस्की-डीई' हे नाव चालते. विंडोजमध्ये तिचाच क्रमांक ५७००२. म्हणून आयसीयू काढू नका; पोटातली प्रत काढून सिस्टिममधले आयसीयू जोडा, पॅकेज तेवढ्यानेही हलके होईल. पोटातल्या आयसीयूची छाटणी झालेली असण्याची शक्यताही पाहून घ्या, कारण आयसीयू बांधताना वेबला लागतात तेवढीच एन्कोडिंग ठेवण्याचा एक पर्याय असतो आणि वेबच्या यादीत इस्की नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइली यात मिसळलेल्या असतील तर त्या आधी बाजूला काढा. ते फॉन्टचे संकेत आहेत, त्यांना स्वतंत्र रूपांतरक लागतो, आणि आयसीयू असो की आयकॉन्व्ह, त्यांचा तिथे उपयोग नाही.

बदल केल्यावर तपासायला एक मराठी जोडी घ्या : दऱ्या आणि दर्या. इस्कीमध्ये दोन्ही शब्द पाच-पाच बाइटचे होतात. दऱ्याच्या बाइट सी४, डी०, ई८, सीडी, डीए. दर्याच्या सी४, सीएफ, ई८, सीडी, डीए. फरक फक्त दुसऱ्या बाइटचा, कारण इस्कीने ऱ ला र पासून वेगळी जागा दिलेली आहे. या दहा बाइटची एक फाइल बनवून पॅकेजच्या चाचण्यांत ठेवा, आणि यूटीएफ-८ मध्ये आल्यावर पहिल्या शब्दात यू+०९३१ व दुसऱ्यात यू+०९३० मिळतो का ते बिल्डच्या वेळीच पाहा. दोन्हीकडे एकच क्रमांक आला, तर ते पॅकेज पुढे पाठवू नका.